गणित सुटलं, की सोडायला लावलं?

आमच्या केंद्रावर येणाऱ्या बहुतेक जणी मारहाण, पोटगी, नांदायला न नेणं अशा तक्रारी घेऊन येतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, तिची तक्रार आमच्या नोंदवहीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. वय चोवीस. मराठी माध्यमातून दहावी, मग कला शाखा, मग बी.ए. एका पतसंस्थेत संगणकावर खाती भरण्याचं काम करत होती. तिथे कर्ज कुणाला द्यावं याचा सल्ला देणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ती म्हणाली, ‘‘ताई, मी भरलेल्या आकड्यांवरून ते मशीन माणसांना पास-नापास करतं. ते कसं करतं हे मला शिकायचंय. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदव्युत्तर अभ्यासाला गणित लागतं, आणि माझं गणित दहावीनंतर सुटलं. हा अन्याय आहे, की माझीच चूक?’’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी तिचं गणित सुटलं कसं ते सांगते. दहावीला तिला गणितात बासष्ट गुण होते. म्हणजे काही ‘ढ’ नव्हती. पण विज्ञान शाखेचं कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला, कलेचं गावातच. विज्ञान घ्यायचं तर क्लास लावावा लागणार, क्लास संध्याकाळी सुटणार, मुलगी अंधारात एस.टी.ने येणार. पुढच्या वर्षी धाकट्या भावाची दहावी होती, त्याच्या क्लासची फी बाजूला ठेवायची होती. घरात कुणी तिला ‘तू गणित घेऊ नकोस’ असं म्हणालं नाही. तसं म्हणण्याची गरजच पडली नाही. गावातल्या कॉलेजात कला शाखेला गणित हा विषयच नव्हता, प्रश्न आपोआप मिटला. आठ वर्षांनी प्रवेश अर्जात एक ओळ आली: बारावीला गणित होते का? तिथे तिने ‘नाही’ लिहिलं. का नाही, ते लिहायला अर्जात जागा नसते.

हे आमच्या बैठकीत मांडलं तेव्हा दोन मतं पडली. एका मैत्रिणीचं म्हणणं, गणिताची अटच काढून टाका अशी मागणी करू या, ही अट म्हणजे बायकांना बाहेर ठेवण्याची युक्ती आहे. दुसरी म्हणाली, हे सगळं तंत्रज्ञान बड्या कंपन्यांचं, पाळत ठेवणारं. आपल्या मुलींनी त्यात जायचं कशाला? दोघींचा संताप मला समजतो. पण दोघींशीही मी सहमत नाही.

पहिलीचं म्हणणं आधी घेते. अट खोटी आहे का? त्या मुलीबरोबर बसून मी अभ्यासक्रम वाचले. एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी ‘गेट’ परीक्षा असते, तिच्यात २०२४ सालापासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. तिच्या अभ्यासक्रमात संभाव्यता आणि संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कॅल्क्युलस आणि इष्टतमीकरण हे भाग आहेत. पुढचं सगळं, म्हणजे प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, यंत्राचं शिकणं, यांच्या बरोबरीने. ही गणितं तिथे शोभेसाठी ठेवलेली नाहीत. पतसंस्थेचंच उदाहरण घ्या. कर्ज मागायला आलेली बाई यंत्राला दिसत नाही. त्याला दिसते आकड्यांची एक ओळ: वय, उत्पन्न, जमीन, आधीचे हप्ते. हजार अर्जांच्या हजार ओळी. ओळी-रकान्यांचा हा तक्ता हाताळायचा तर रेषीय बीजगणित लागतं. प्रत्येक रकान्याला किती वजन द्यायचं, ते वजन थोडं वाढवलं तर यंत्राची चूक वाढते की कमी होते, हे शोधायला कॅल्क्युलस लागतं. आणि यंत्र शेवटी ‘ही फेडेल’ किंवा ‘ही बुडवेल’ असं सांगत नाही, ते एक शक्यता सांगतं. शक्यता म्हणजे काय, ती किती भरवशाची, हे कळायला संभाव्यता आणि संख्याशास्त्र लागतं. हे न शिकता ज्या मुली या क्षेत्रात जातील त्यांच्या वाट्याला आकडे भरण्याचंच काम येईल. ते काम तर ती आधीच करत होती. म्हणून अट काढा ही मागणी मला आपल्याच मुलींचं नुकसान करणारी वाटते.

आता दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणं. तंत्रज्ञान कुणाच्या हातात आहे हा प्रश्न खराच आहे. पण त्याला जाब विचारायचा तर कुठल्या भाषेत? २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोघींनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. एकत्रित आकडा पाहिला तर प्रणाली चांगल्या दिसत होत्या. त्यांनी आकडा फोडला. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, आणि काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी बातमी आली की, ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी बनवलेलं साधन बायकांच्या अर्जांना खालचे गुण देत होतं, कारण ते मागच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून शिकलं होतं आणि त्यात पुरुषांचेच अर्ज जास्त होते. कंपनीला ते साधन मोडीत काढावं लागलं.

यातलं मूळ गणित अवघड नाही. शंभर अर्ज आले, नव्वद पुरुषांचे, दहा बायकांचे. यंत्राने सगळ्या पुरुषांबाबत बरोबर निर्णय दिला आणि सगळ्या बायकांबाबत चूक. कंपनी जाहिरात करेल, ‘आमचं यंत्र नव्वद टक्के अचूक!’ आणि ते खोटंही नसेल. हिंसाचाराची आकडेवारी गोळा करताना आपण हेच तर शिकलो, की सरासरीच्या खाली बाई गाडली जाते. तेव्हा आपण आकडे स्वतः मोजले म्हणून आपलं म्हणणं ऐकावं लागलं. उद्या रेशन, कर्ज, नोकरी यांचे निर्णय असे यंत्राने होणार असतील, तर यंत्राचं पोट फाडून बघणाऱ्या बायका आपल्यात हव्यात. घोषणा देणाऱ्या आहेतच.

तर मग अट खरी, आणि तरीही त्या मुलीवर अन्याय झाला, हे दोन्ही कसं? याचं उत्तर इतिहासात आहे. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा मुलींना मुलांसारखेच विषय शिकवावेत का यावर वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. ‘केसरी’ची बाजू होती की मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढं शिकवावं. स्वातंत्र्यानंतरही हा प्रश्न संपला नव्हता. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का हे ठरवायला १९६२ साली हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने सांगितलं, असा भेद नको. पाठोपाठ १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षं सगळ्यांना गणित आणि विज्ञान सक्तीचं असावं अशी शिफारस केली. आपल्यातल्या ज्यांना आज दहावीचं गणित येतं, त्यांना ते या भांडणामुळे येतं. आमच्या आई-मावश्यांच्या वेळी मुलींनी सोपं अंकगणित आणि गृहशास्त्र घेऊन मॅट्रिक होणं अगदी रीतीचं होतं.

पण सक्ती दहावीपर्यंतच. दहावीनंतर विषय निवडीचं स्वातंत्र्य आहे असं म्हणतात. पंधरा वर्षांच्या मुलीचं हे स्वातंत्र्य एस.टी.च्या वेळापत्रकात, भावाच्या फीमध्ये आणि गावातल्या कॉलेजच्या विषययादीत अडकलेलं असतं. आता तर त्याआधीच दार लावायची तयारी दिसते. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद चर्चेत आली: दहावीला गणितात किंवा विज्ञानात पस्तीसपेक्षा कमी पण वीस किंवा अधिक गुण मिळाले तर मुलाला पुढे जाऊ द्यायचं, मात्र त्याला गणित-विज्ञानाचं पुढचं शिक्षण घेता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर द्यायचा. नापासाचा शिक्का टळतो, हे चांगलंच. पण पंधराव्या वर्षीचा शेरा आयुष्यभर का चिकटावा? आणि ज्या घरात मुलीला अभ्यासाआधी पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या असतात, तिथे तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर जास्त येईल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

लीलावतीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला, लग्न राहिलं, आणि मग बापाने, भास्कराचार्यांनी, मुलीच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. गोष्ट खरी की दंतकथा ते राहू द्या. पण ती सांगताना आपल्याला एक गोष्ट खटकत नाही: लग्न झालं असतं तर मुलीच्या वाट्याला गणित आलंच नसतं! लग्न हुकलं तर गणित, नाहीतर नाही, हा हिशेब अजून बदललेला नाही.

उलट उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. मंगला नारळीकरांनी १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. केलं, पहिल्या आल्या. मग लग्न, परदेश, मुली, संसार. पीएच.डी. मिळाली १९८१ साली. पुढे त्यांनी मराठीतून गणितावर लिहिलं, बालभारतीच्या गणित समितीचं काम पाहिलं. सतरा वर्षांचा खंड पडूनही गणित परत हाती धरता येतं. मात्र त्यांच्याजवळ पक्का पाया होता, घरात गणिताचं वातावरण होतं. ज्यांच्याजवळ यातलं काही नाही, त्यांच्यासाठी ती सोय समाजाने करायची असते. ती होते का, हा खरा प्रश्न आहे.

कागदावर होते. तंत्रशिक्षण परिषदेच्या अलीकडच्या नियमांनुसार एम.सी.ए.ला कोणतीही पदवी चालते. बारावीला किंवा पदवीला गणित ‘शक्यतो’ असावं, आणि नसेल तर विद्यापीठाने किंवा संस्थेने सेतू अभ्यासक्रम आखून तो सक्तीने पूर्ण करून घ्यावा. ‘गेट’ परीक्षेलाही कला-वाणिज्याच्या पदवीधर बसू शकतात. बायकांना फीदेखील निम्मी आहे. पण एम.टेक.ला प्रवेश देणारी संस्था आपली वेगळी पात्रता लावते, आणि बी.ए.वाली तिथे अडते. म्हणून आमच्या मुलीने एम.सी.ए.चा रस्ता धरला, कारण त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे विषय घेता येतात. तिथल्या प्रवेश परीक्षेतही गणित आणि संख्याशास्त्राचे प्रश्न असतातच.

आम्ही दर रविवारी केंद्रावर बसायचं ठरवलं. सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून दहावीचं बालभारतीचं पुस्तक काढलं. आणि मी चकित झाले. दोन चलांतील रेषीय समीकरणं, ती सोडवण्यासाठी निश्चयक, क्रेमरची पद्धत, संभाव्यता, सांख्यिकी, हे सगळं त्यात आहे. म्हणजे ज्या तीन गोष्टी लागतात त्यातल्या दोहोंचं बी मराठीतून आपल्या मुलींच्या हातात पडलेलं असतं. फक्त ते कशाचं बी आहे, हे कुणी सांगत नाही. कॅल्क्युलस मात्र अकरावी-बारावीचं, ते मुळापासून करावं लागलं. निवृत्त झालेल्या एक गणिताच्या बाई आल्या. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, भात शिजताना सुरुवातीला पाणी किती पटकन आटतं आणि शेवटी किती, ते सांगा. बदलाचा वेग बदलतो, एवढंच आज शिकायचं. आधी एक होती, महिनाभरात सहा जणी झाल्या. त्यातल्या दोघींना कुठेही प्रवेश घ्यायचा नव्हता, फक्त राहिलेलं पुरं करायचं होतं. सातवी मी. दहावीनंतर मीही गणित सोडलं होतं, आणि ‘मला बाई आकड्यांतलं कळत नाही’ असं बैठकीत हसत सांगायचे. ते वाक्य मी आता बोलत नाही.

मुलीला प्रवेश मिळाला. कॉलेजचं नाव लिहीत नाही, नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही. सक्तीचा सेतू अभ्यासक्रम म्हणजे काय निघाला? बाहेरून येणाऱ्या एका सरांची बारा व्याख्यानं, इंग्रजीतून, संध्याकाळी, तिची शेवटची एस.टी. सुटल्यावर. हजेरीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, सेतू पूर्ण झाला असं कळवलं गेलं. पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली. घरचे म्हणाले, सांगितलं होतं ना. तिने फोन केला तेव्हा रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. पुन्हा रविवार सुरू केले. दुसऱ्या खेपेला ती पास झाली, काठावर. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की अजून तिने सोडलेलं नाही.

यावरून माझं मत असं झालं आहे. गणिताची अट राहू द्या, पण ती अट पूर्ण करण्याची जबाबदारी एकट्या मुलीवर टाकू नका. उंबरा उंच असेल तर पायऱ्या बांधणं हे घरमालकाचं काम. ते करता येतं. मद्रास आय.आय.टी.ने २०२० साली डेटा सायन्सचा जो पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला, त्यात बारावीची शाखा कुठलीही चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की पुरे. आधी चार आठवडे शिकवतात, मग त्याच शिकवलेल्यावर पात्रता परीक्षा घेतात. तो पदवीचा अभ्यासक्रम आहे, इंग्रजीतून आहे, फी आहे. पण तत्त्व मला पटतं: आधी शिकवा, मग परीक्षा घ्या.

म्हणून आपल्या संघटनांनी काही मागण्या ठामपणे लावून धरायला हव्यात. सेतू अभ्यासक्रम प्रवेशाआधीच्या सुट्टीत, दिवसा, पूर्ण तासांचा आणि मराठीतून समजावून देणारा असावा. किती मुलींनी तो घेतला आणि किती पुढे पास झाल्या हे संस्थेने जाहीर करावं. तालुक्याच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला गणित घेता यावं. गुणपत्रिकेवर कायमचा शेरा नको, पुन्हा परीक्षा देऊन तो पुसता यावा. आणि सातच्या आत घरी पोचवणारी एस.टी. हवी, ही मागणी गणिताची नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी लेख पुन्हा पहिल्यापासून वाचावा.

मागण्या मान्य होईपर्यंत आपणही हातावर हात ठेवून बसू नये. एन.आय.ओ.एस. या केंद्र सरकारच्या मुक्त शिक्षण मंडळाकडून बारावीचा एकटा गणित विषयही देता येतो. आपल्याला जिथे प्रवेश घ्यायचा आहे तिथे तो दाखला चालतो ना, हे आधी लेखी विचारून घ्यावं. ‘स्वयम्’वर विनामूल्य व्याख्यानं आहेत, बहुतेक इंग्रजीत, चार जणींनी मिळून ऐकली, थांबवून मराठीत बोलली, तर कळतात. आणि दहावीचं पुस्तक कुठल्याही घरात सापडतं.

‘‘अन्याय, की माझीच चूक?’’ असं तिने विचारलं होतं. बाई गं, तुझी चूक नाही. गणित तुझ्याकडून सुटलं नव्हतं, तुला सोडायला लावलं होतं. पण परत धरायला मात्र तुलाच लागेल, आणि आम्ही रविवारी केंद्रावर आहोत.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी एखादी असेलच. तिला विचारा, गणित कधी आणि कसं सुटलं. उत्तरं लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र छापू, आणि मोजूही.